एकशे अठ्ठ्याहत्तर अंश

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता माझा नवरा बूट घालायला दाराच्या उंबऱ्यावर बसला. त्यानं एक बूट घातला. दुसरा हातात घेतला. मी आतून विचारलं, डबा घेतला का. तो बोलला नाही. मी बाहेर आले तेव्हा तो चौकटीला टेकून बसलेला होता आणि बूट पायरीवर पडलेला होता. आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

एवढंच झालं. नंतर लोकांनी जे जोडलं त्यातलं काहीही त्या सकाळी तिथं नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून समाधी देतात आणि घराला सूतक मानत नाहीत. मरण म्हणजे विटाळ नव्हे, असं मला लहानपणी सांगितलं गेलं आणि ते मी खरं मानलं. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी कुणी गेलं की दहा-दहा दिवस देवाला हात लागत नसे, तेव्हा मला आमच्या घराचा अभिमान वाटायचा. म्हणून पुढे जे झालं त्याचा राग मला दुप्पट आला. परक्यांनी आणलं असतं तर समजले असते. आमच्याच माणसांनी आणलं.

पंधराव्या दिवशी माझे दीर, त्यांना मी भावजी म्हणते, एका वास्तूवाल्याला घेऊन आले. मला विचारलं नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरातून रिक्षानं आल्या होत्या. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. ती सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

वास्तूवाला तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात फीत लावलेलं ओळखपत्र. कुणी दिलं होतं ते ओळखपत्र, कोण जाणे. त्यानं लाकडी पेटीतून पितळी होकायंत्र काढलं, कपाळाला लावलं आणि आमच्या पुढच्या दाराच्या लोखंडी जाळीच्या आडव्या पट्टीवर ठेवलं. जाळीचं दार म्हणजे बाहेरचं, चोरांसाठी लावतात ते. सुई हलली, थांबली. त्यानं मान हलवली.

"दोनशे दहा," तो म्हणाला. "दक्षिण सोडून नैर्ऋत्येला झुकलंय. हे दार घरधन्याला ठेवत नाही."

"अय्यो देवरे," अत्ती म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

"वहिनी, मी तेव्हाच म्हणालो होतो," भावजी म्हणाले.

ते तेव्हा असं काही म्हणाले नव्हते. वास्तुशांतीच्या दिवशी ते ह्याच दारातून आत आले, दोन वाट्या हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाल्ली, तिसरी डब्यात भरून नेली, आणि जाताना, घर मोकळं झालंय, वारं छान येतं, असं म्हणाले होते. मला सगळं आठवतं. मी ग्रंथालयात काम करते. कुणी काय नेलं हे लक्षात ठेवणं हाच माझा धंदा आहे.

मग वास्तूवाल्यानं विचारलं, "प्लॉट कुणी निवडला होता?"

 सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनंही.

प्लॉट मी निवडला होता. विजापूर रस्त्याच्या बाजूला नवी वसाहत होत होती आणि दक्षिणेकडे तोंड असलेली ओळ सगळी रिकामी पडलेली होती, कारण ती कुणाला नको होती. मला हवी होती. दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन आत येतं आणि दुपारभर टेबलावर राहतं. मला वाचायला उजेड हवा होता, एवढंच माझं कारण. मी नवऱ्याला विचारलं, तुला चालेल ना, लोक बोलतील. तो म्हणाला, "दक्षिणेचा रस्ता काय थेट स्मशानातच जातो? आपला तर विजापूरला जातो." तो विनोद त्याला इतका आवडला की घर दाखवायला आलेल्या प्रत्येकाला त्यानं तो ऐकवला. भावजींनाही. तेही हसले होते.

वास्तूवाल्यानं उपाय सांगितला. हे दार विटा लावून बुजवायचं आणि पूर्वेच्या भिंतीत नवं काढायचं. पूर्वेच्या भिंतीला माझ्या पुस्तकांचं कपाट आहे. "पुस्तकं काय, कुठंही राहतील," तो म्हणाला. भावजींनी गवंडी ठरवला. संक्रांत झाली की तो येणार होता.

 मला राग उशिरा येतो. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा केला, त्या माणसालासुद्धा. कपात साखर किती, हेही विचारलं. ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

अत्ती त्याच दिवशी शुक्रवार पेठेत परत गेल्या आणि म्हणाल्या, दार बदलेपर्यंत मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कॉलेजला निघाली ती मागच्या बाजूनं. मागे धुणं धुवायची फरशी आहे, तिथून स्वयंपाकघरात एक अरुंद दार उघडतं. बादल्यांमधून, ओल्या फरशीवरून, दप्तर सांभाळत ती गेली आणि घराला वळसा घालून रस्त्याला लागली. संध्याकाळी तशीच आली. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या चपला मागच्या दाराशी गेल्या. आठवड्याभरात तिची छत्रीही गेली.

तिला वाटत होतं की ह्या दारानं तिचा बाप नेला, आणि दार तिच्या आईनं निवडलं होतं. ती हे कधी बोलली नाही. तिनं फक्त ते दार वापरणं सोडलं. एका माणसानं लोखंडाच्या पट्टीवर एक सुई दोन मिनिटं ठेवली आणि माझ्या घरात माझी मुलगी चोरासारखी मागून येऊ-जाऊ लागली.

कामावर गेले तेव्हा मी सरळ वास्तूच्या पुस्तकांपाशी गेले. आमच्याकडे ती एका अख्ख्या खणात आहेत. पाठी फाटलेल्या, कोपरे मऊ झालेले. वाचक मागतात, आम्ही घेतो. मागणीच्या अर्जांवर माझीच सही असते. प्रत्येक पुस्तकात दिशांचं चक्र होतं, कुठल्या कोपऱ्यात काय ठेवलं की काय होतं ते होतं, आणि होकायंत्र हातात कसं धरायचं हे एकाही पुस्तकात नव्हतं. नकाशा वाचायला शिकवणारं पुस्तक शोधलं. एक शालेय भूगोल सापडला, त्यातली होकायंत्राची आकृती कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेली होती. मी त्या रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत होते. तिथे मला राग आला. पहिल्यांदा, नीट.

संध्याकाळी सात रस्ता चौकातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि होकायंत्र मागितलं.

"घराला पाहिजे का दुकानाला?" दुकानदारानं विचारलं.

"हातात धरून चालायला."

"वास्तूचंच ना?" त्यानं काउंटरवर एक ठेवलं. कडेनं देवांची नावं, मध्ये स्वस्तिक. "हे बघा, ह्यात दोष आपोआप कळतो. लाल पट्टा आला की दोष."

"उत्तर कळते का?"

"उत्तर म्हणजे कुबेर," तो म्हणाला. "हे काय, इथं लिहिलंय."

मी ते घेतलं नाही. ह्या शहरात दिशा विचारायला गेलं तर देव मिळतात, दिशा मिळत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि तसं वाटून घेण्यात थोडा अन्याय होता. कारण दिशा शिकवणारा माणूसही ह्याच शहरात होता. त्याचा कागद आमच्याच ग्रंथालयाच्या फलकावर महिनाभर लावलेला होता. विद्यार्थ्यांसाठी म्हणून कुणीतरी आणून दिला होता आणि टाचणीही मीच दिली होती. नकाशा व होकायंत्र, प्रत्यक्ष मैदानावर, चार रविवार, वयाची अट नाही.

शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते, मूळचे सांगोल्याकडचे. तोफखान्यात नकाशाचं काम करून आलेले. रविवारी सकाळी सहाला सात रस्ता चौकातून जीप निघायची आणि शहराबाहेरच्या माळावर सोडायची. आम्ही बाराजण होतो. बहुतेक भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. मोठ्या वयाचे दोघंच, मी आणि एक चादरींचे दुकानदार. ते विणकरांच्या घरातले, तेलुगू बोलणारे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि रस्त्यानं चालायचा कंटाळा येत होता म्हणून आलेले. मला त्यांनी पहिल्याच दिवशी अक्का करून टाकलं. सुभेदारांनी जोड्या लावल्या तेव्हा आम्ही दोघं उरलो.

होकायंत्र साधं होतं. पारदर्शक पट्टी, तिच्यावर बाण, आणि अंश कोरलेली एक फिरती चकती. सुभेदारांनी ते छातीशी आडवं धरलं.

"सुई हालू द्या. तिचं तांबडं टोक उत्तरंला जातंय, जाऊ द्या. आकडा लावा, आन् मग सोता फिरा. यंतर फिरवायचं न्हाय, आपन फिरायचं. चकतीवरल्या तांबड्या खुनंत तांबडं टोक आलं की बानाच्या समोर तुमची वाट. ध्यानात आलं का?"

"व्हय," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि मग हसू आलं. आमच्या घरी व्हय म्हणत नाहीत. तीन-चार आठवड्यांत मी पहिल्यांदा हसले होते, आणि लगेच गप्प झाले.

पावलं मोजायला शिकवलं. दोन पावलांचं एक धरायचं; शंभर मीटरला माझी अडुसष्ट भरली. मग त्यांनी माळाचं खरं दुखणं सांगितलं. माळावर खूण नसते. डोंगरात सुळका असतो, गावात देवळाचा कळस असतो. माळावर गवत आणि गवत. नजर धरायला काही नसलं की माणूस सरळ चालतोय असं समजून वळत जातो. म्हणून जोडीतल्या एकानं पुढे जायचं आणि दुसऱ्यानं मागे थांबून होकायंत्रातून बघत त्याला हातानं डावं-उजवं करायचं. तो नेमका रेषेत आला की तोच खूण. मग मागच्यानं त्याच्यापर्यंत चालत जायचं आणि पुन्हा तेच.

"म्हंजे मानूसच खांब," सुभेदार म्हणाले. "खांबानं हालायचं न्हाय आन् बोलायचं न्हाय."

हे दुसरं चादरवाल्यांना जमणारं नव्हतं.

"अक्का, मला अजून उजवीकडं सारू नका, तिथं बोरीचं झुडूप आहे!"

"उजवीकडेच या."

"आमच्या बायकोनं तीस वर्षांत इतकं सारलं नाही हो!"

प्रत्येक जोडीला दिलेल्या आकड्यावर एक झेंडी शोधायची होती; आमची चारशे मीटरवर, एका बाभळीच्या बुंध्याशी होती. आम्ही पोचलो मुरुमाच्या खाणीच्या काठावर. झेंडी पार डावीकडे राहिली होती. पुन्हा केलं, पुन्हा खाण. बाकीच्या जोड्या झेंड्या हलवत होत्या. मला रडू येईल इतका संताप आला. सुईवर, खाणीवर, त्या भरतीच्या पोरींवर. मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. आयुष्यभर मी सगळं सांगितल्याप्रमाणेच केलं होतं.

सुभेदार आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"म्याडम, अंगावर काय हाय?"

गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. ती त्यांनी पाहिली. "चांदीला सुई वळखत न्हाय. ते ऱ्हाऊ द्या. ह्या पिशवीत काय?"

छातीवर आडवी पिशवी होती. त्यात एक मोबाइल होता, पुस्तकासारखं मिटणाऱ्या कव्हरातला. त्यांनी तो हातात घेतला, होकायंत्राजवळ नेला. सुई सरळ त्याच्याकडे वळली. लांब नेला, सुई परत गेली. जवळ आणला, पुन्हा वळली.

"कव्हर मिटतंय तितं लोहचुंबक असतंय. छातीशी यंतर, छातीशीच चुंबक. तुमची सुई उत्तर दावतच न्हाय, ह्यो फोन दावतीय. कुनाचा हाय?"

"माझ्या मिस्टरांचा."

"मग त्यास्नी द्यायचा की. तुमी कशाला वागवताय?"

"ते नाहीत," मी म्हणाले. "फोन येतात अजून. ज्यांना कळलेलं नाही त्यांचे."

 चादरवाले खाणीत बघत राहिले. सुभेदारांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"पाठीवरल्या पिशवीत टाका, पार तळाला. टाकून द्या म्हनत न्हाय मी. फकस्त सुईपासून लांब ठिवा."

नवऱ्याच्या जाण्यानंतर मला शेकडो माणसं भेटून गेली होती, धीराचे शब्द बोलून गेली होती. मला उपयोगी पडेल असं वाक्य त्या सगळ्यांत हे एकच होतं.

फोन तळाला गेला आणि आम्ही बाभळीपाशी पोचलो. तिथे पाणी पिताना मला ते सुचलं.

"लोखंडाच्या दारावर होकायंत्र ठेवलं तर?"

"कशाला ठिवायचं? येड्याचं काम. लोखंडाचं दार, जीपचं बोनेट, तारंचं कुंपन, इजेचा खांब, कुटंच न्हाय धरायचं. का हो?"

मी सांगितलं. वास्तूवाला, पट्टी, दोनशे दहा. सुभेदार इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. चादरवाले हसले नाहीत. "अक्का, आमच्या दुकानात असाच एक येऊन गेला," ते म्हणाले. "कोपऱ्यात बसायची जागा बदलायला लावली. त्या कोपऱ्यात वरच्यांच्या मोरीचं पाणी गळतं. दोन वर्षं मी डोक्यावर प्लास्टिक बांधून लक्ष्मीची वाट बघतोय."

मीही हसले, पण आत काहीतरी पेटलं होतं. त्या माणसाला मोजताही येत नव्हतं! माझ्या घराचा, माझ्या मुलीचा, माझ्या निवडीचा निवाडा त्यानं चुकीच्या आकड्यावर केला होता, आणि एकानंही विचारलं नव्हतं की बाबा रे, तू हे असं का ठेवतोस? भावजी वीज मंडळात आयुष्य काढून आलेले. त्यांना लोखंड आणि सुई कळू नये? कळत होतं. पण मोजणी तपासायची असते हे आपण फक्त दूधवाल्याच्या बाबतीत मानतो. तिथे माप नीट बघतो. मरणाच्या बाबतीत कुणीही काहीही मोजावं आणि आपण चहा द्यावा.

पुढचे तीन रविवार मी हट्टानं शिकले. घरी हॉलमध्ये खुर्च्या लावून चकती फिरवायची. सुभेदारांनी उलटा आकडा काढायला शिकवलं: इथून तिथली दिशा कळली की एकशे ऐंशी मिळवा नाहीतर वजा करा, तिथून इथली कळते. "दार मोजायचं आसंल तर दारात जाऊ नका," ते म्हणाले. "लोखंडापासून लांब, समोर जा. दारात मानूस हुबा करा. त्येच्याकडं बघा आन् आकडा उलटा." शेवटच्या रविवारी मी सगळ्या झेंड्या एकटीनं शोधल्या. सर्वांत शेवटी पोचले, पण शोधल्या. त्यांनी ते होकायंत्र मला वापरायला दिलं.

आणि माझ्या मनात एकच होतं. मी खरा आकडा काढणार, तो दोनशे दहा असणार नाही, आणि मी सुटणार. दार नैर्ऋत्येला नाही हे सिद्ध झालं की मुलगी पुढच्या दारानं येईल. मला तर आशा होती की आकडा दीडशेच्या आत येईल, म्हणजे दक्षिणही नाही, आग्नेय. सुशिक्षित बाई मी, वास्तू मानत नाही म्हणणारी, आणि कोर्टात माझा साक्षीदार म्हणून सुईलाच उभी करायला निघाले होते. हे मला तेव्हा दिसलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावलं. भावजी अत्तींना घेऊन आले. अत्ती रस्त्यावरच खुर्ची टाकून बसल्या. मी दाराच्या भिंतीला काटकोनात दोरी ताणली आणि तिच्या रेषेत समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये वीस पावलं गेले. शेजारचे काका पाण्याची नळी हातात धरून बघत होते आणि त्यांच्या गुलाबात तळं झालं होतं.

"वहिनी, हे काय चाललंय?" भावजी म्हणाले. "तो माणूस शिकलेला आहे. त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे."

"असू दे. भावजी, जाळीचं दार पूर्ण उघडा."

मला दारात माणूस हवा होता. मुलगी घराच्या कोपऱ्याशी, मागून वळसा घालून येऊन उभी होती.

"दारात उभी राहा," मी तिला म्हणाले.

"मीच?"

"मग कोण? अत्तींना उभं करू?"

ती हलली नाही. मग पायऱ्या चढली आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. "आई, इथं बाबा..."

"माहीत आहे. उंबऱ्यावर. बरोबर मध्ये. थोडी डावीकडे. अजून. थांब."

ती थांबली. मी होकायंत्र छातीशी धरलं आणि तिच्याकडे पाहिलं. दीड महिन्यात मी तिला त्या चौकटीत पाहिलं नव्हतं. खांबानं हलायचं नसतं आणि बोलायचं नसतं. ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही, कारण मी थांब म्हटलं होतं.

आकडा तीनशे अठ्ठावन्न आला. तीनदा घेतला. तीनदा तोच. उलटा केला: एकशे अठ्ठ्याहत्तर.

"किती?" भावजींनी विचारलं.

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे?"

"दक्षिण. दोन अंश कमी."

"म्हणजे दक्षिणच की!" भावजी खूश झाले. खरोखर खूश झाले. "तो थोडं तरी वाकडं म्हणत होता, तुम्ही तर सरळ दक्षिण काढलीत! यमाच्या दारातच बसवलं की घर!"

मी माळावरून शिकून आले होते, आणि त्या शिक्षणानं मला इथे आणून सोडलं होतं. खाणीच्या काठावर. सुई माझ्या बाजूनं बोलली नाही. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. मी तिला विचारलं होतं की नवरा कुणामुळे गेला, आणि ती उत्तर कुठे आहे ते सांगत होती.

मग मला राग आला आणि तो आवाजासकट आला. शेजारच्या काकांनी नळ बंद केला म्हणजे बराच मोठा असणार.

"आपल्यात यम कधीपासून आला, भावजी? आपल्यात सूतक नाही, विटाळ नाही, आणि दाराला यम? ह्या काकांचं दार ह्याच अंशावर आहे. ऐंशी पार केलीत त्यांनी. रोज त्यातूनच दूध आणायला जातात. त्यांना का नाही नेलं? अहो, दार दक्षिणेला आहे. हे गेले त्या सकाळीही होतं, तुम्ही हुग्गी खाल्लीत तेव्हाही होतं. दारानं काही केलेलं नाही. ह्यांचा खांदा दोन दिवस दुखत होता. डावा. मला म्हणाले. मी पुस्तक वाचत होते, मी म्हटलं, बाम लावा. वर पाहिलंसुद्धा नाही. हे झालंय. दिशा कसली शोधताय?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते रस्त्यावर, खुर्चीवर बसलेल्या सासूसमोर सांगायचं माझ्या मनातही नव्हतं.  भावजींनी खाली पाहिलं.

दारातून मुलगी म्हणाली, "मला पण म्हणाले होते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती अजून उंबऱ्यावरच उभी होती, जिथे मी तिला उभं केलं होतं.

"सोमवारी रात्री. जेवताना. खांदा दुखतोय म्हणाले. मी म्हटलं, मोबाइल कमी बघा." मग म्हणाली, "तो माणूस दार म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं, आई."

ती मागच्या दारानं का जात होती हे मला त्या वेळी कळलं. मी इतके दिवस तिला चुकीचं वाचत होते, आणि त्यात कुठल्या फोनच्या चुंबकाचा दोष नव्हता.

त्या वास्तूवाल्यावरचा माझा राग गेलेला नाही. उलट वाढला. तो चुकीचा आकडा घेऊन गेला ते मी सोडून देईन. पण सतरा वर्षांच्या मुलीला त्यानं दोन मिनिटांत एक भिंत दिली, तिच्यामागे लपायला, आणि ती तिथे एकटीच राहिली. तिला दार सापडलं म्हणून तिला आईशी बोलावं लागलं नाही. मला वास्तूवाला सापडला म्हणून मला तिच्याशी. माणूस गेल्यावर घरातल्यांनी एकमेकांना जे सांगायचं असतं, ते सगळं त्यानं विटा लावून बुजवलं होतं. गवंडी यायच्या आधीच.

संक्रांत झाली. गवंडी आला नाही. भावजी रागावलेले आहेत. रस्त्यावर, सगळ्यांसमोर बोलल्याबद्दल. त्यात त्यांचं थोडं बरोबर आहे. अत्ती महिन्यातून एकदा येतात, त्या मागच्या दारानं. मी त्यांच्यासाठी बादल्या बाजूला करून ठेवते. फोनवर आता कुणाचे फोन येत नाहीत. तो पाठीवरच्या पिशवीच्या तळालाच आहे. पुस्तकांचं कपाट पूर्वेच्या भिंतीला आहे. होकायंत्र मी सुभेदारांना परत दिलं. त्यांनी दुसरं आणून दिलं.

मुलीच्या चपला पुढच्या दाराशी आहेत. बूट घालायचे असले तर ती आत खुर्चीवर बसून घालते. मीही. दार एकशे अठ्ठ्याहत्तर अंशावर आहे आणि आम्ही दोघी त्यातून ये-जा करतो.